तपासणीचा दिवस

वर्षातील सर्वांत मोठा दिवस कोणता, असे एखाद्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकास विचारले, तर तो २१ जून असे उत्तर देणार नाही. तो म्हणेल, तपासणीचा दिवस. त्या दिवशी सूर्य लवकर उगवतो आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मावळत नाही. आदल्या दिवशी पायऱ्यांना गेरू लागतो, फुटक्या फळ्यास काळा रंग मिळतो, कुंडीतल्या तुळशीची वाळकी पाने काढली जातात. मुलगी पाहायला पाहुणे यावेत, तसे शाळेचे होऊन जाते. आपण जसे आहो तसे त्या दिवशी दिसायचे नसते; आपण जसे असावे असे पाहुण्यांस वाटते, तसे दिसायचे असते.

या विषयावर चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते. परंतु तीस वर्षे ज्या खात्याचे मीठ खाल्ले त्याच्याविषयी लिहिताना हात आखडतो, आणि स्वतःविषयी लिहिताना तर तो अधिकच आखडतो. अखेर निमित्त झाले ते एका यंत्राचे.

आमच्या कचेरीत एक संगणक आहे. सहा वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून तो शाळेस भेट दिला. बेळगावातल्या आमच्या या मराठी शाळेस लवकरच ७५ वर्षे पूर्ण होत असल्याने स्मरणिका काढण्याचे ठरले होते, आणि तिचा सारा मजकूर आम्ही त्या संगणकात साठविला होता. जुन्या शिक्षकांच्या आठवणी, पहिल्या तुकडीतल्या आजीबाईंनी सांगितलेली हकीकत, वर्गणीदारांची यादी, असे पुष्कळ काही त्यात होते. आठवणी लिहून देणाऱ्यांपैकी दोघेजण तर दरम्यान निवर्तलेही होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, आम्ही यंत्र सुरू केले, आणि पाहतो तो प्रत्येक कप्प्याच्या जागी त्याच नावाचे, कोपऱ्यात बारीकसा बाण असलेले एक चिन्ह! कळ दाबावी तर आत काहीच नाही. झेरॉक्सच्या दुकानात मजकूर छापायला नेलेल्या पेन ड्राइव्हमधून विषाणू घरात शिरला होता. आमच्या छातीत धस्स झाले. गेलेल्या माणसांचे शब्द आता पुन्हा कोणाकडून आणावेत?

आश्चर्य असे की, या संगणकात विषाणुनाशक, ज्यास सारे जग अँटिव्हायरस म्हणते ते, आम्ही रीतसर पैसे मोजून बसविले होते. त्याचा खोका अजूनही कपाटात होता. त्या खोक्यावर एखाद्या नामांकित मल्लाच्या छातीवर असावीत तशी चार-पाच सोनेरी पदके छापलेली होती: अमुक प्रयोगशाळेत प्रथम, तमुक चाचणीत सर्वोत्तम. खरे सांगायचे तर ती पदके पाहूनच आम्ही तो खोका पसंत केला होता. आम्ही पडलो शिक्षक. गुणपत्रिका दिसली की आमचा विश्वास बसतो.

अशा वेळी शिक्षकाची खरी मालमत्ता उपयोगी पडते. ती म्हणजे जुने विद्यार्थी. आमचा एक विद्यार्थी गावात संगणक दुरुस्तीचे लहानसे दुकान चालवितो. दहावीनंतर आय.टी.आय. करून त्याने स्वतःच्या हिमतीवर तो धंदा उभा केला आहे. यंत्राचा डबा रिक्षात घालून आम्ही त्याच्याकडे गेलो. त्याने आम्हांस खुर्ची दिली, चहा सांगितला, दहा मिनिटे पडद्याकडे पाहिले आणि हसून म्हणाला, "गुरुजी, पहारेकरी झोपलाय न्हवं. त्याचा पगार थकलाय. मुदत संपून आठ महिने झाल्यात की!"

"अरे, पण त्या खोक्यावर एवढी पदके आहेत!"

"पदकं तवाची, गुरुजी. चोर आजचा."

हे एवढेसे वाक्य आमच्या मनात जे रुतले ते अद्याप निघालेले नाही.

सुदैवाने मजकूर नाहीसा झालेला नव्हता. त्या जातीचा विषाणू मूळ कप्पे दडवून ठेवतो आणि त्यांच्या जागी फसवी चिन्हे मांडतो. दडविलेले बाहेर काढण्यास दोन तास लागले, आणि त्या दोन तासांत आमच्या विद्यार्थ्याने आम्हांस या धंद्याचे जे शिक्षण दिले, त्यात पुढे आम्ही स्वतः वाचून भर घातली. वाचकहो, ते आपणांसही रोचक वाटेल असा आमचा विश्वास आहे.

या कथेच्या आरंभी एक दुकान आहे आणि दोन भाऊ आहेत. १९८६ साली लाहोर येथे संगणकाचे दुकान चालविणाऱ्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी 'ब्रेन' नावाचा विषाणू तयार केला. आपल्या आज्ञावलीची चोरून नक्कल करणाऱ्यांस धडा शिकवावा हा त्यांचा हेतू. गंमत अशी की, त्यांनी त्यात आपली नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवला होता! फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात तो परदेशी पोहोचला.

यानंतरच्या काही वर्षांत पुण्यातही असेच एक दुकान आणि असेच दोन भाऊ होते. पण ते दुसऱ्या बाजूस उभे राहिले. कैलास काटकर हे शालेय शिक्षण आटोपून गणकयंत्रांच्या दुरुस्तीत शिरले आणि १९९० च्या सुमारास त्यांनी पुण्यात स्वतःचे दुकान काढले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांत विषाणू सापडत, म्हणून संजय यांनी ते काढून टाकण्याची आज्ञावली लिहिली. त्यातूनच त्या दशकाच्या मध्यास 'क्विक हील' जन्मास आले. पुढे २००७ साली कंपनीनेही तेच नाव घेतले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग ३२१ रुपये भावाने बाजारात आले. पहिल्याच दिवशी भाव त्याच्या खाली गेला, हे आमच्या विद्यार्थ्याने मुद्दाम सांगितले. का, तर त्याने स्वतः थोडे घेतले होते! "गुरुजी, बाजार रोज तपासणी करतोय. तिथं रांगोळी चालत न्हाई," तो म्हणाला.

हा धंदाच मोठा विलक्षण आहे. आंबेवाल्याचा आंबा गोड की आंबट हे खाणाऱ्यास कळते. शिंप्याचा सदरा घट्ट झाला तर काखेत कळते. परंतु विषाणुनाशक उत्तम असेल तर काय होते? काहीच होत नाही. वर्षभर काही घडले नाही, तर ते त्याच्या पहाऱ्यामुळे की चोर आलाच नाही म्हणून, हे घरधन्यास कधीच उमगत नाही. गल्लीतल्या गुरख्याचे असेच असते. चोरी झाली नाही तर त्याचा पगार व्यर्थ वाटतो, आणि झाली तर तो व्यर्थ होता हे सिद्धच होते. अशा मालाचे पैसे दरवर्षी मुदत वाढवून मागायचे, ही गोष्ट सोपी नव्हे.

मग काही वेळा भीती हीच विक्रेती होते. 'मायकेलअँजेलो' नावाचा विषाणू ६ मार्च १९९२ या दिवशी, त्या थोर चित्रकाराच्या जन्मतारखेस, जगभरातील संगणक उद्ध्वस्त करणार अशी हूल उठली होती. ५० लाख यंत्रे बाधित असल्याचे आकडे वर्तमानपत्रांत झळकले. दिवस उजाडला आणि मावळला. नुकसान झालेली यंत्रे काही हजारांतच भरली. परंतु तोवर दुकानांतील विषाणुनाशकांचा खप मात्र भडकला होता. जॉन मॅकॅफी यांनी १९८७ साली काढलेली कंपनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या शेअरबाजारात उतरली.

पुढे स्पर्धा वाढली. काही कंपन्यांनी माल फुकट वाटला. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून तर मायक्रोसॉफ्टने आपला पहारेकरी यंत्राबरोबरच देण्यास प्रारंभ केला. जे घराबरोबर फुकट मिळते त्यासाठी माणसाने वेगळे पैसे का मोजावेत? मोठमोठ्या कंपन्या एकमेकींत मिसळल्या. नॉर्टनची मालक कंपनी आणि अवास्ट २०२२ साली एक झाल्या आणि त्या संयुक्त कंपनीने 'जेन' असे नवे नाव घेतले. ग्राहकास स्वतः काहीच पारखता येत नाही, फुकटचा पर्याय समोर आहे, आणि तरीही मुदत तर वाढवून घ्यायची आहे. अशा अवस्थेत कंपनीला एकच आधार उरतो. तो म्हणजे त्रयस्थाची साक्ष. आमच्या खोक्यावरील पदकांचा उगम असा आहे.

हे त्रयस्थ परीक्षक कोण? जर्मनीत माग्देबुर्ग येथे 'एव्ही-टेस्ट' ही संस्था आहे. ऑस्ट्रियात इन्सब्रुक येथे 'एव्ही-कम्पॅरेटिव्हज' आहे. इंग्लंडात 'व्हायरस बुलेटिन' आहे, जे १९८९ साली चक्क एक मासिक म्हणून निघाले. मासिकाच्या वाचकांस हे ऐकून बरे वाटेल! या मासिकाने १९९८ पासून एक कडक कसोटी लावली. ज्ञात फिरस्त्या विषाणूंच्या यादीतील सारे विषाणू पकडले आणि एकाही निरपराध आज्ञावलीस चोर म्हटले नाही, तरच तेव्हा प्रशस्ती मिळे. ९९ गुण म्हणजे नापास.

त्यातील दुसरी अट आम्हांस फार आवडली. सगळ्यांनाच छडी मारणारा मास्तर खोडकर मुलास हमखास शासन करतो, यात त्याचे चातुर्य ते काय? निरपराध्यास ओळखणे हीच खरी पारख. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका नव्या यादीने विंडोज एक्सपीमधील एक अत्यावश्यक भागच विषाणू ठरविला, आणि जगभरातील असंख्य यंत्रे पुनःपुन्हा बंद-चालू होत बसली. पहारेकऱ्याने घरधन्यासच उंबरठ्यावर पकडावे, तसा तो प्रकार.

एव्ही-टेस्टची गुणपत्रिका तर थेट आमच्या प्रगतिपुस्तकासारखीच. तीन विषय: संरक्षण, यंत्राच्या वेगावर होणारा परिणाम, आणि वापरातील सोय, ज्यात खोट्या आरोळ्यांचा हिशेब होतो. प्रत्येकी ६ गुण, एकूण १८. परीक्षक कोऱ्या यंत्रावर विषाणुनाशक बसवितात, त्यास खऱ्याखुऱ्या बाधित ठिकाणी नेऊन सोडतात, आणि काय निसटते ते पाहतात. या संस्थेच्या नोंदीत दररोज साडेचार लाखांहून अधिक नव्या अपायकारक वा नकोशा आज्ञावलींची भर पडते. म्हणजे काल सर्व काही येत असलेला विद्यार्थी आज सकाळी पुन्हा अडाणी! म्हणूनच या परीक्षा एकदा होऊन संपत नाहीत. त्या पुनःपुन्हा घ्याव्या लागतात. आमच्या यंत्रातला पहारेकरी आठ महिने नवीन काहीच शिकला नव्हता. आमच्या घरी एम. ए. ची पदवी चौकटीत लावलेली आहे. सौभाग्यवती दर दसऱ्यास ती पुसते. ती घेतल्यानंतर आपण कितीसे नवे शिकलो, हा प्रश्न त्या दुकानातच आमच्या मनात चमकून गेला. तूर्त तो बाजूस ठेवतो.

"पण गुरुजी," आमचा विद्यार्थी म्हणाला, "परीक्षा म्हटलं की कॉपी आलीच."

आणि त्याने एक हकीकत सांगितली. चीनमध्ये 'चीहू ३६०' नावाची मोठी कंपनी आहे. ती फुकट विषाणुनाशक देऊन कोट्यवधी घरांत पोहोचली. ३० एप्रिल २०१५ रोजी वरील तिन्ही परीक्षक संस्थांनी एकत्र येऊन तिची त्या वर्षातील सारी प्रशस्तिपत्रे रद्द केली. कारण असे की, कंपनीने परीक्षेस जो माल पाठविला त्यात रुमानियातील 'बिटडिफेंडर' या नामांकित कंपनीचे शोधयंत्र चालू ठेवलेले होते. आणि चीनमधील सामान्य ग्राहकास जो माल मिळत होता त्यात ते बंद ठेवून कंपनीचे स्वतःचे शोधयंत्र चालू होते. ग्राहकास मिळणारे संरक्षण त्यामुळे बरेच उणे ठरते, असे परीक्षकांनी स्पष्ट म्हटले. थोडक्यात, परीक्षेस बसला एक आणि नोकरीवर रुजू झाला दुसराच! पुढच्याच आठवड्यात 'टेन्सेंट' या दुसऱ्या कंपनीवरही कारवाई झाली. तिने परीक्षेतील वेगाचे गुण वाढावेत एवढ्यासाठी, ग्राहकास काडीचाही उपयोग नसलेल्या तरतुदी मालात केल्या होत्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात फोक्सवॅगनच्या मोटारींचा गाजलेला प्रकार उघडकीस आला. त्या मोटारींनाही परीक्षेची चाहूल लागे आणि तेवढ्यापुरता त्यांचा धूर स्वच्छ होई.

आम्ही मास्तरकीच्या आवेशात म्हणालो, "ही तर शुद्ध फसवणूक झाली!"

त्याने पडद्यावरची नजर न काढता म्हटले, "व्हय की. पण गुरुजी, त्यांच्या आधी १९ वर्षं आपल्या शाळेत हेच झालं हुतं."

आम्हांस क्षणभर काही समजेना. आणि मग सारे समजले.

१९९६ साल. आम्ही तेव्हा बेळगाव तालुक्यातील एका खेड्यातल्या शाळेत साहाय्यक शिक्षक होतो, नोकरी नवी होती. तपासणीच्या आदल्या दिवशी त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी आम्हांस बोलावून चौथीच्या वर्गाची व्यवस्था समजावून दिली. वाचता न येणाऱ्या अकरा मुलांना दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या देवळात झाडांना पाणी घालण्याच्या कामावर पाठवायचे, आणि पाचवीतील चार चलाख मुले चौथीत आणून पुढच्या बाकांवर बसवायची. आम्ही हरकत घेतली नाही. हे आम्हांस आज मान्य केले पाहिजे. इतकेच नव्हे, तर अकरा जणांची यादी आमच्याच सुवाच्य हस्ताक्षरात लिहिली गेली. साहेब आले, पुढच्या बाकावरील मुलांनी खडाखडा वाचून दाखविले, शेरेबुकात 'वाचनाची तयारी उत्तम' असा शेरा पडला. वर्षअखेर शाळेस प्रशस्तिपत्र मिळाले. कौतुकाच्या टाळ्या वाजल्या तेव्हा आम्हीही वाजविल्या.

"यादी तुम्हीच वाचलासा, गुरुजी. माझं नाव तिसरं हुतं," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. तो हसत होता, चहाचा कप आमच्यापुढे सरकवीत होता. "आम्हाला त्या दिवशी लई मजा आली," तो म्हणाला, "देवळात पुजाऱ्यानं केळी दिली. घरी जाऊन आईला सांगितलं, आज शाळेत साहेब येणार म्हणून आम्हाला सुट्टी. आई म्हणाली, साहेब येणार तर शाळेत जायचं असतंय की रे. तवा मला कळलं."

नऊ-दहा वर्षांच्या मुलास काय कळले, हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. त्यास वाचन पुढे पाचवी-सहावीत आले, आणि ते आम्ही शिकविले नाही. त्याच्या थोरल्या बहिणीने शिकविले, हे आम्हांस ठाऊक आहे.

दुरुस्तीचे पैसे तो घेईना. आम्ही आग्रहाने दिले. रिक्षात यंत्र मांडीवर धरून घरी येताना मनात एकच विचार घोळत होता. चीहूने ज्या दोन मालांची अदलाबदल केली, ते दोन्ही निर्जीव होते. आमच्या अदलाबदलीतला एक माल घरी जाऊन आईशी बोलला होता.

परीक्षा वाईट असतात असे आम्ही म्हणणार नाही. तीस वर्षे परीक्षा घेऊन पोट भरणाऱ्याने तसे म्हणूही नये. त्या तिघा परीक्षकांनी आपलीच दिलेली प्रशस्तिपत्रे आपल्याच हाताने फाडली, ही लहान गोष्ट नव्हे. या चाचण्यांसाठी कंपन्या शुल्क भरतात. म्हणजे परीक्षार्थीच्याच पैशावर परीक्षक जगतो. असे असूनही त्यांनी ते केले, म्हणून त्यांच्या उरलेल्या प्रशस्तिपत्रांस किंमत राहिली. आमच्या साहेबांनी त्या दिवशी एकच प्रश्न विचारला असता, की हजेरीपटावर ३४ नावे आणि वर्गात डोकी २७ कशी, तर त्या 'उत्तम' शेऱ्यालाही किंमत आली असती.

परंतु परीक्षेची एक मर्यादाही आहे. जे प्रश्नपत्रिकेत नसते ते तिला दिसत नाही. अवास्टचे फुकट विषाणुनाशक चाचण्यांत चांगले गुण मिळवीत असे. विषाणू ते खरोखरच पकडी. मात्र जानेवारी २०२० मध्ये उघड झाले की, ग्राहक इंटरनेटवर कुठे कुठे फिरतो याची माहिती ते गोळा करी आणि 'जम्पशॉट' नावाच्या त्याच घरच्या कंपनीमार्फत ती विकली जाई. ती कंपनी बंद करण्यात आली, आणि २०२४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या प्रकरणी १ कोटी ६५ लाख डॉलर्स भरण्यास लावले. चोर पकडण्याच्या परीक्षेत पहारेकरी पहिल्या वर्गात उत्तीर्ण. पण घरातल्या गोष्टी बाहेर विकतोस का, हा प्रश्न त्या परीक्षेत नव्हताच. शाळेच्या तपासणीतही किती मुलांना वाचता येते हा प्रश्न असतो. कोणाला लपवून ठेवले, हा प्रश्न नसतो. तो शिक्षकाने स्वतःस विचारायचा असतो.

हे सारे इथेच संपले असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. एक जुनी चूक आठवली, हळहळ वाटली, चहा पिऊन विसरलो, असेच झाले असते. परंतु त्यानंतर दोनच महिन्यांनी आमच्या शाळेची तपासणी जाहीर झाली.

आमच्या सहकारी बाई मोठ्या कष्टाळू. पाचवीचा वर्ग त्यांच्याकडे. त्या वर्गात सहा मुले अशी, की ज्यांना जोडाक्षर आले की वाचन थबकते. त्यांतली तिघे वीटभट्टीवरची. हंगाम संपला की त्यांची बिऱ्हाडे हलतात आणि शिकलेले विसरून ती परत येतात. तपासणीच्या चार दिवस आधी बाई कचेरीत आल्या आणि संकोचाने म्हणाल्या, "सर, त्या सहाजणांना त्या दिवशी घरीच राहायला सांगू या का? वर्षभराची मेहनत वाया जायला नको. सगळीकडे असंच करतात, सर."

बाईंचा हेतू वाईट नव्हता, हे आम्ही शपथेवर सांगू. १९९६ साली आमचाही नव्हता. आणि आम्हांस हेही कबूल करू द्या की, त्या क्षणी 'नाही' हा शब्द आमच्या ओठांवर लगेच आला नाही. शाळेचे अमृतमहोत्सवी वर्ष. पटसंख्या दरवर्षी घटते आहे. मराठी शाळेविषयी एक वाईट शेरा गेला तर पालक तेवढेच निमित्त करतील. निवृत्तीस थोडी वर्षे उरली आहेत, कोऱ्या पाटीने जावे. हे सारे विचार एका श्वासात येऊन गेले. समोर संगणक होता. त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात मुदत वाढविलेल्या पहारेकऱ्याचे हिरवे चिन्ह चमकत होते.

आम्ही म्हणालो, "बाई, ती सहाही मुले आली पाहिजेत. आणि त्यांना मागे बसवू नका."

बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "शेरा माझ्या वर्गावर येईल, सर."

"शेरा शाळेवर येईल," आम्ही म्हणालो, "आणि सही आमची असेल."

साहेब आले. त्यांनी नेमके दुसऱ्या बाकावरच्या मुलीस उठविले, आणि नेमके 'स्वातंत्र्य' या शब्दापाशी ती अडली. सहाच्या सहा अडले. शेरेबुकात नोंद झाली: 'इयत्ता पाचवीतील सहा विद्यार्थ्यांचे वाचन असमाधानकारक. सुधारणा आवश्यक.' आमच्या तीस वर्षांच्या नोकरीत आमच्या सहीखाली पडलेला हा पहिला वाईट शेरा. त्या वर्षी शाळेची श्रेणी एका पायरीने उतरली. दोन पालकांनी येऊन विचारले. एका पालकाने मुलाचा दाखला नेला. हे सांगितलेच पाहिजे. नाहीतर प्रामाणिकपणास नेहमी गोड फळे लागतात असा वाचकांचा समज व्हायचा.

मात्र त्या शेऱ्याचा एक उपयोग झाला, जो 'उत्तम'चा कधीच झाला नव्हता. 'सुधारणा आवश्यक' असे कागदावर आल्यामुळे ती करणे भाग पडले. शाळा सुटल्यावर अर्धा तास बाई आणि आम्ही आळीपाळीने त्या सहाजणांस घेऊन बसतो. एम. ए. ला भाषाशास्त्र वाचलेल्या आम्हांस, जोडाक्षर मुलाच्या डोळ्यांस नेमके कुठे अडते, हे पन्नाशी उलटल्यावर प्रथमच समजू लागले. चौघेजण आता बरे वाचतात. दोघांची बिऱ्हाडे भट्टीबरोबर हलली. ती परत येतील तेव्हा पुन्हा आरंभ करावा लागेल. त्यास इलाज नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या भाषेत सांगायचे तर यादी रोज नवी करावी लागते.

स्मरणिका छापून आली. तिची पहिली प्रत आम्ही त्या दुकानात नेऊन दिली. त्याने उभ्या उभ्या चार पाने वाचली, अगदी सफाईने वाचली, आणि ती टेबलाच्या खणात नीट ठेवली. निघताना त्याने आठवण दिली, "गुरुजी, पहारेकऱ्याची मुदत मार्गशीर्षात संपत्येय बरं का."

ती तारीख आम्ही कचेरीतल्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवली आहे.